विहिरीचा हुद्दा

वाशीम, रविवार, ६ मे १९७३

सौ. अंजनाबाईले धाकट्या भावाचा, इंद्रभानचा, सप्रेम जयभीम. जानराव भाऊजीले जयभीम, लेकरायले आशीर्वाद, मायच्या पायावर डोकं. पत्र वाचून दाखवणाऱ्या चांदभाई पोस्टमनले माहा सलाम, अन् त्यायच्या सायकलच्या मागच्या टायरलेही सलाम, कारण ते टिकलं तरच हे पत्र आसेगावहून सावळदरीले पोचन. मी इथं खुशाल आहो. उन्हानं नाकातून रक्त येते, पण ते सगळ्या ऑफिसले येऊन राह्यलं, साहेबायलेही येते, म्हणून त्याले कोणी आजार म्हणत नाही. तुमची खुशाली कळवावी असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहितो. तुही खुशाली मले मागच्या पत्रात कळलीच आहे.

(चांदभाई, एक विनंती. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नसते. मागच्या पत्रात मी कंसात लिहिलं होतं का भाऊजी बिड्या लय ओढतात, ते तुमी वाडाभर ऐकवलं, अन् भाऊजी अजून माह्यावर तोंड फुगवून आहेत. कंस दिसला का मनात वाचायचं, मान हलवायची अन् पुढं जायचं.)

बाई, आधी तुह्याशी भांडून घेतो, मंग बाकीचं सांगतो. तू कळवलं का आपल्या बुद्धवाड्यातली विहीर बुडाले गेली, खाली नुसता पाझर आहे, अन् तिथं बसून वाटीनं घागर भरा लागते. अन् ते भरायले माय उतरते. काहून? तर म्हणे ती सगळ्यात हलकी आहे! तुमी चौघी बाया तिच्या कमरेले दोर बांधता, तिले खाली सोडता, अन् ती वर येते तेव्हा भुवयांपर्यंत चिखल अन् हसून राह्यलेली असते, असंही तू मोठ्या कौतुकानं लिहिलं. बाई, तुले अक्कल आहे का नाही? मायचं वय काय, तिचे गुडघे काय, अन् त्या विहिरीचं बांधकाम काय! आपल्या बापानं अन् काकानं ते रचलं तेव्हा चुना भेटला नव्हता, मातीतच दगड बसवले, हे तुले माहीत नाही? वरचा थर आपण लहान होतो तेव्हापासून हलते. एक दगड सुटला तर तुमच्या चौघींच्या दोराचा काय उपयोग? मायले उतरू देऊ नको. ती ऐकत नाही हे मले सांगू नको, तिनं कधी कोणाचं ऐकलं आहे! दोर लपवून ठेव.

पाटलाच्या वाड्यासमोरच्या विहिरीले पाणी आहे, हे मले ठाऊक आहे. अन् तू तिथं घागर घेऊन गेली तर घागरीचं काय झालं हेही ठाऊक आहे. तू लिहिलं का घागर हातून पडली. घागर एवढ्या दूर जाऊन, दुसऱ्याच्या दगडावर कशी काय पडली, हे मी विचारत नाही. माघ महिन्यापर्यंत आपल्या वाड्यापाशी टँकर येत होता अन् मंग एकाएकी बंद झाला, तो काहून बंद झाला हे तू विचारलं. तुह्या भावानं, बाई, त्याचं उत्तर शोधून काढलं आहे. नुसतं शोधलं नाही, चांगल्या जाड कागदावर, दोन रंगात, स्वतःच्या हातानं रंगवलं आहे. ते आता आमच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत टांगलेलं आहे, अन् येणारा-जाणारा पाहून वाहवा करते.

झालं असं का मार्च महिन्यात मुंबईहून एक तज्ज्ञ साहेब आले. बारीक अंगाचे, चष्म्याले दोरी, अन् बोलता बोलता खडूनं हवेत रेघा मारायची सवय. ते कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात कोणता कागद कुठून निघते अन् कुठं जाते, याची चित्रं काढायले शिकले होते. त्यायनं आमाले सगळ्यायले सतरंजीवर बसवून सांगतलं का पाऊस पडला नाही ही दुय्यम गोष्ट आहे, खरा दुष्काळ माहितीचा आहे. एका ऑफिसले जे माहीत असते ते दुसऱ्याले नसते, म्हणून घोटाळे होतात. तर प्रत्येक ऑफिसचा एक चौकोन काढायचा, एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जाणारी माहिती बाणानं दाखवायची, अन् बाणावर लिहायचं का काय जाते अन् किती दिवसायनं जाते. माहिती कशी पाण्यासारखी वाहिली पाहिजे, असं ते म्हणाले, अन् तेवढ्यात आमचा शिपाई माठ उपडा करून पाहून राह्यला होता का त्यायच्यासाठी घोटभर निघते काय. निघालं नाही. त्यायले सोडा पाजला.

हे चित्र काढायचं काम माह्यावर आलं. माहं अक्षर चांगलं म्हणून नाही, तर बाबासाहेबांच्या जयंतीचे बोर्ड मी रंगवतो हे आमच्या साहेबायले कोणीतरी सांगतलं होतं. मले त्यात लय भूषण वाटलं, खोटं काहून बोलू! आपल्या वाड्यातला पहिला पगारी नोकर मी, अन् त्याच्या हातून साऱ्या तालुक्याचा नकाशा व्हायचा! मी चार कागद कणकेच्या खळीनं जोडले, चौकोन आखायले बिस्किटाचा डबा घेतला, निळी शाई ऑफिसच्या चौकोनाले अन् लाल शाई महत्त्वाच्या बाणाले ठेवली. कागद खोलीवर नेऊन वाळवायले पसरला. तर घरमालकीण धनीबाई, तिची बकरी! चाऱ्याचा दुष्काळ, अन् कागदाले कणकेचा वास. मी आंघोळीले (म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसायले) गेलो तेवढ्यात बकरीनं जोडाजोडानं खात खात वरचा कोपरा संपवला. त्या कोपऱ्यात अकोल्याचं वरचं ऑफिस होतं. मी काठी घेऊन धावलो तर धनीबाई मधात आली अन् म्हणे, तुमच्या कागदानं यंदा कोणाचं तरी पोट भरलं, मारता कायले? मले तिचा असा राग आला का काय सांगू! वरचं ऑफिस पुन्हा काढलं.

आता बाण. त्यासाठी मी टेबलाटेबलावर फिरलो अन् सगळ्यायले एकच विचारलं, का तुमच्यापाशी माहिती कुठून येते? पहिले गेलो टँकरच्या टेबलावर. तिथं ग्यानबा बाबू बसतात, म्हातारे, सुपारी कातरत. कोणत्या गावाले टँकर जायचा हे कशावरून ठरते? ते म्हणाले, पाणीतक्त्यावरून, ज्या गावापुढं 'पाणी नाही' असं लिहिलेलं असन तिथं टँकर. हा तक्ता कुठून येते? तर तळ्यापलीकडच्या ऑफिसातून. मी सायकल काढली, उन्हात तळं ओलांडलं (तळं कसलं, आता तिथून सायकल सरळ जाते), अन् त्या ऑफिसातल्या बाबूले विचारलं. तो म्हणे, आमी तर तलाठ्याच्या पत्रकावरून उतरवून घेतो. ठीक. आपल्या भागाचा तलाठी रामधन, तो वाशीमलेच बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सापडला. दुष्काळात त्याले गावोगाव फिरायले वेळ भेटत नाही, कारण गावोगावची पत्रकं भरा लागतात. मी त्याच्यासमोर बसलो अन् विचारलं का रामधनजी, कोणत्या गावात पाणी आहे अन् कोणत्या नाही, हे तुमाले कसं समजते? तो माह्याकडं असा पाहायले लागला का मी वेडाच आहो. म्हणे, सोपं आहे, टँकरच्या टेबलावरून यादी मागवतो. जिथं टँकर जाते तिथं पाणी नाही. जिथं जात नाही तिथं आहे.

बाई, मी चहा तसाच ठेवला अन् कागद उलगडून पाहिला. मले वाटलं माहाच एखादा बाण उलटा पडला. कागद फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. टँकर जात नाही, कारण तक्त्यात पाणी आहे. तक्त्यात पाणी आहे, कारण पत्रकात आहे. पत्रकात आहे, कारण टँकर जात नाही. तिन्ही बाण एकमेकाच्या शेपटीत तोंड घालून बसले होते, अन् त्यातला एकही बाण कोणत्याही विहिरीपाशी सुरू होत नव्हता. माघात एकदा टँकरची यादी टाइप करताना आपलं गाव वगळल्या गेलं, कागद संपला म्हणून म्हणे. त्या एका वेळेपासून सावळदरीले पाणी लागलं, अन् आता ते दर आठवड्याले नव्यानं लागून राह्यलं आहे.

मी हॉटेलातच आवाज चढवला. मी म्हटलं, माही माय तिथं दोरानं विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरते, अन् तुमी लिहिता पाणी आहे? रामधन काही वाईट माणूस नाही, तो गडबडला. मंग म्हणे, पण खोटं नाही बाबू, दिवाळीत मी गेलतो, पाटलाच्या वाड्यासमोरची विहीर मी डोळ्यानं पाहिली, चांगली भरलेली होती, अजूनही असन. आता यावर काय बोलशीन? आहे ना! त्यानं खरंच सांगतलं. मी उठलो, टेबलाले धक्का लागला, अन् त्याचा चहा माह्या नकाशावर सांडला. तिथं आता शिरपूरच्या बाजूले एक तपकिरी तळं दिसते. साऱ्या तालुक्यात तेवढंच ओलं राह्यलं आहे.

मी हार मानली नाही. मी विचार केला, तज्ज्ञ साहेबायनंच सांगतलं ना का माहिती जिथून निघते तो पहिला चौकोन काढा? मी काढला. कागदाच्या तळाशी एक चौकोन, त्यात लिहिलं 'विहीर'. तिथून एक बाण तलाठ्याकडं. अन् आपलं गाव दाखवताना एकाच्या जागी दोन चौकोन काढले, एकात 'गाव', एकात 'बुद्धवाडा', कारण एका विहिरीचं पाणी दुसऱ्या चौकोनात जात नाही, हे काय मले नव्यानं शोधायचं होतं? आमच्या साहेबायनं कागद पाहिला अन् पेन्सिल घेतली. विहिरीच्या चौकोनावर पेन्सिल ठेवून विचारलं, ही कोणत्या हुद्द्याची? मी म्हटलं, साहेब, विहीर आहे. ते म्हणाले, ते मला वाचता येतं, पण बाण निघतो तिथं कोणाची तरी सही लागते, हिच्या वतीनं सही कोण करणार? त्यायनं विहीर खोडली. मंग दोन चौकोनाकडं आले. म्हणाले, गावाला एकच चौकोन असतो. मी सांगतलं का तिथलं पाणी आमाले भरू देत नाहीत, घागर फोडतात. तर साहेब एकदम गंभीर झाले, आवाज खाली आणला अन् म्हणाले, इंद्रभान, अस्पृश्यता कायद्यानं बंद आहे. तुम्ही सरकारी कागदावर दोन चौकोन काढता म्हणजे कायदा मोडता, हे तुम्हाला कळतं का? अन् त्यायनं दोन्ही चौकोन मिळून एक केले.

बाई, मले त्या वेळेस रडू आलं असतं, पण नाकातून रक्त आलं, त्यामुळं लाज राह्यली. मी म्हटलं, मंग चित्र जाऊ द्या साहेब, मी तोंडी सांगतो, माहं गाव आहे, आमच्या वाड्यात पाणी नाही, टँकर पाठवा. साहेब चिडले नाहीत, उलट समजुतीनं बोलले. म्हणाले, अहो, तुम्हीच तर बाण आखलेत. सावळदरीहून तुमच्या टेबलावर येणारा बाण कुठं आहे, दाखवा बरं? प्रत्येक कारकून आपापल्या गावची खबर आणू लागला तर तक्त्याला अर्थ काय राहिला? घरून डबा आणा, माहिती आणू नका.

(चांदभाई, या जागी मी एक शिवी लिहिली होती, अन् मंग खोडली, कारण तुमी वाचलीच असती.)

एक बाण मात्र राहूनच गेला होता, तो ग्यानबा बाबूनं दाखवला. मी चित्र नव्यानं आखून राह्यलो होतो, ते मागं येऊन उभे राह्यले अन् म्हणाले, पोट्ट्या, लाल शाई कायले ठेवली आहे? तो मौतीचा बाण काढला का नाही? मले समजलं नाही. मंग त्यायनं सांगतलं. पाणी भरताना माणूस मेलं, तर गावचा पोलीस पाटील ठाण्याले वर्दी देते, ठाण्यातून बिनतारी खबर सरळ साहेबायच्या टेबलावर, अन् त्याच दिवशी टँकर सुटते. ना तक्ता, ना पत्रक, ना सही. मधात कोणाच्या टेबलावर थांबत नाही, कारण असेंब्लीत प्रश्न आला तर वर सांगता आलं पाहिजे का टँकर चालू आहे. रिसोडच्या अंगाच्या एका खेड्यात होळीनंतर असंच झालं, म्हणाले. बाई विहिरीत पडली, अन् लोक मसणातून परत आले तर गावात टँकर उभा होता. तोवर त्या गावापुढंही 'पाणी आहे' असंच लिहिलेलं होतं. तो बाण मी पट्टी ठेवून सरळ ओढला. साऱ्या कागदावर तेवढाच सरळ आहे, अन् तेवढाच गावातून निघते.

मंग तज्ज्ञ साहेब पाहणीले आले. त्यायनं चष्मा पुसला, कागदाजवळ तोंड नेलं, अन् तक्ता, पत्रक, टँकर या तीन बाणायवरून बोट फिरवत राह्यले. गोल, गोल, गोल. मले वाटलं, आता बोलतीन, आता म्हणतीन का अरे हे काय आहे! तर ते आमच्या साहेबायकडं वळले अन् म्हणाले, सुंदर, कुठंही तुटत नाही. दुसऱ्या तालुक्यांमध्ये बाण लोंबकळत असतात, इथं प्रत्येक माहितीला घर आहे. मी तोंड उघडलं, साहेबायनं माह्या पायावर पाय ठेवला. मले नारळ देला, टाळ्या झाल्या, फोटोवाला आला नाही म्हणून फोटो तेवढा राह्यला. चित्राची नक्कल अकोल्याले गेली, अन् मूळ चित्र काच लावून रिकाम्या माठाच्या वर टांगलं. तहान लागली का लोक सवयीनं तिथं येतात, माठात वाकून पाहतात, मंग मान वर करून चित्र पाहतात. नारळ मी फोडला. आत पाणी होतं, ते मी धनीबाईच्या लहान्या पोरीले देलं, कारण तिले ताप होता. बकरी विकली त्यायनं.

असं आहे सगळं. बाकी मजेत. पौर्णिमेले, बुद्धजयंतीले, मी यायचं म्हणतो, पण रजेचा कागद अजून फिरून राह्यला आहे. भाऊजीले सांग, खडी फोडताना डोळ्यावर फडकं बांधत जा. लेकरायले उन्हात सोडू नको. अन् मायले माहा निरोप सांग का तुह्या पोराचं चित्र काचेत लावलं, म्हणजे ती खूश होईन. काय चित्र आहे ते सांगू नको.

तुहा भाऊ,
इंद्रभान

ता. क. बाई, आता खरं काम. त्याच्यासाठीच हे सगळं रामायण लावलं. चांदभाई, सगळ्यायले आधी बाहेर काढा, फक्त बाई अन् माय राहू द्या. बाई, तू मायले विचार का ती मरते काय? घाबरू नको, कागदावर. तुमी चौघी बायांनी विहिरीवरून रडत पोलीस पाटलाकडं जायचं अन् सांगायचं का इंद्रभानची माय भागिरथाबाई पाणी भरताना गेली. त्यानं वर्दी देली का बस्स, लाल बाण सुटला. मुडदा कुठं आहे हे त्या बाणाले लागत नाही, पंचनाम्याचा बाण वेगळा आहे, निळा, तो लय हळू चालते, मी स्वतः आखला आहे. त्या आधी मायले वच्छलामावशीकडं शिरपूरले पाठवून दे, उजाडायच्या आत, डोक्यावर पदर घेऊन. माय म्हणन, मी मरू अन् पाणी तुमी प्या? म्हणू दे. भाऊजीले सामील करू नको, त्याले रडता येत नाही, तो मधातच हसन.

ता. क. दुसरं. एक अडचण आहे ती मायपासून लपवू नको. 'चूक झाली, बाई जिवंत आहे' ही खबर नेणारा बाण साऱ्या चित्रात कुठंच नाही. मी शोधला. म्हणजे एकदा मेली का ती कागदावर मेलेलीच राहीन, रेशनच्या साखरेतून तिचं नाव जाईन. माह्या वाट्याची साखर मी तिले देत जाईन, आयुष्यभर. अन् पकडलो गेलो तर माही नोकरी जाईन, हेही तुले माहीत असावं. वाड्यातली पहिली नोकरी होती, दुसरं पोट्टं शिकून राह्यलंच आहे. पण बाई, मायले त्या विहिरीत पुन्हा उतरू देऊ नको. मले तिची लय भीती वाटून राह्यली.

ता. क. तिसरं, अन् हे फक्त चांदभाईले. (चांदभाई, तुमाले लेकराची शपथ, हा कंस मनातच वाचा. बाईचं पत्र तुमीच लिहून देलं होतं, त्यात शेवटी तुमी आपल्या मनानं एक ओळ घातली होती, का विहिरीचा वरचा दगड आता बोटानं हलते. बाईनं ते सांगतलं नसन, तुमीच पाहिलं असन. तर हे पत्र वाशीमहून आसेगावले जाईन, तिथं थैलीत पडून राहीन, मंग तुमच्या सायकलवर चढन. अन् माय रोज उतरते. तुमी वाड्याच्या तोंडाशी आलात अन् पत्र काढायच्या आधीच रडणं ऐकू आलं, तर पत्र काढू नका. घंटी वाजवू नका. तसेच मागं फिरा. मंग कोणालेच काही करा लागत नाही. टँकर आपोआप येते.)